थ्रॅश मेटलमध्ये बेस वाजवायचाय? आधी ऐकू येईल असा वाजवा

मी डोंबिवलीचा. नोकरी सांभाळून अकरा वर्षं मुंबईतल्या एका थ्रॅश (हेवी मेटलचा अतिवेगवान प्रकार) बँडमध्ये बेस, म्हणजे खालच्या सुरांचा गिटार, वाजवला. त्याआधी दोन वर्षं जिथे बेसिस्ट आजारी पडेल किंवा परीक्षेला बसेल तिथे बदली म्हणून उभा राहिलो. या सगळ्या काळात नव्या मुलांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा लेख. तुम्ही नुकताच बेस घेतला असेल, किंवा गिटार वाजवता वाजवता "बँडला बेसिस्टच मिळत नाही, तूच वाजव" असं कुणी सांगितलं असेल, तर इथून सुरुवात करा.

थ्रॅशमध्ये बेसिस्टसमोर एकच मोठी अडचण असते. दोन गिटार खालच्या पट्टीत, पाम म्यूट करून (तळहाताने तारा दाबून), भरपूर डिस्टॉर्शनमध्ये (आवाज मुद्दाम फाटका करून) वाजत असतात. ड्रमरचे दोन्ही पाय चाललेले असतात. या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तुम्हाला उभं राहायचं असतं, आणि थोडं दुर्लक्ष झालं की तुम्ही स्टेजवर दिसता, पण ऐकू येत नाही. १९८८ च्या मेटॅलिकाच्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बममध्ये बेसिस्ट जेसन न्यूस्टेडचं हेच झालं. वाजवणारा कसलेला, बँड जगातला मोठा, आणि तरी बेस जवळजवळ नाहीच. मी पहिल्यांदा तो अल्बम ऐकला तेव्हा माझे हेडफोन खराब झालेत असं वाटलं होतं. खाली जे सांगतो आहे ते हाताबद्दल असो, आवाजाबद्दल असो की कागदपत्रांबद्दल, त्याच्या मुळाशी ऐकू येण्याचाच प्रश्न आहे.

## १. बेस हातात घेण्याआधी महिनाभर ऐका

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बेसची सर्वांत जाड ई तार मोकळी वाजवली की सुमारे ४१ हर्ट्झचा आवाज येतो, आणि फोनच्या स्पीकरला तो पेलत नाही. साधे पण कानावर पूर्ण बसणारे हेडफोन घ्या.

मग या लोकांना एकेक करून ऐका, गाणं तेच ठेवून पाच-सहा वेळा.

क्लिफ बर्टन. जन्म १९६२, कॅलिफोर्नियातला. बोटांनी वाजवायचा, आणि बेसवर डिस्टॉर्शन आणि वा पेडल (पायाने दाबून आवाज 'वा-वा' असा करणारं) लावून अक्षरशः लीड गिटारसारखा बोलायचा. मेटॅलिकाच्या १९८३ च्या 'किल एम ऑल' मध्ये त्याचा अख्खा बेस सोलो आहे. तो बँडमध्ये यावा म्हणून मेटॅलिकाने लॉस एंजेलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात बिऱ्हाड हलवलं, कारण तो आपलं गाव सोडायला तयार नव्हता. २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि तो गेला. वय फक्त २४.

डेव्हिड एलेफसन, मेगाडेथ. हा पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पत्तीने, वाजवणारा. प्रत्येक ठोका सुटा, टोकदार. फ्रँक बेलो, अँथ्रॅक्स. बोटांनी, पण पिकइतकाच खणखणीत. ओव्हरकिलचा डी. डी. वर्नी ऐकाच, त्याच्या बेसचा आवाज लोखंडी साखळी जमिनीवर आपटल्यासारखा आहे. आणि स्टीव्ह डिजॉर्जिओ, सेडस आणि टेस्टामेंटवाला, जो फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) नसलेल्या बेसवर तीन बोटांनी हे सगळं करतो. त्याला शेवटी ऐका, नाहीतर पहिल्याच आठवड्यात धीर सुटेल.

ऐकताना वहीत एवढंच लिहा: बेस गिटारच्या रिफलाच (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीला) चिकटून चालला आहे की स्वतःचं काही वेगळं वाजवतो आहे? कुठे थांबतो? माझी ती वही अजून आहे.

## २. पहिला बेस घेताना

चार तारांचा, ३४ इंच स्केलचा (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) साधा बेस पुरतो. पाच तारांचा मोह टाळा. थ्रॅशची बहुतेक गाणी ई मध्ये किंवा अर्धा सूर खाली ई फ्लॅटमध्ये असतात. पाचवी तार वर्षभर नुसती घुमत राहील आणि ती दाबून ठेवण्यातच तुमचा अंगठा गुंतेल.

मुंबईत धोबी तलावापासून सुरुवात करा, पुण्यात लक्ष्मी रोडच्या आसपास विचारा, आणि सेकंडहँडला अजिबात नाक मुरडू नका. माझा पहिला बेस २००७ साली एका कॉलेजच्या सीनियरकडून घेतलेला होता आणि त्यावर मी तीन वर्षं काढली. मात्र जुना बेस घेताना या गोष्टी तिथेच उभं राहून तपासा:

- मानेकडे वरून खाली बघा. किंचित बाक चालतो, पण पिळलेली मान घेऊ नका. बाक ट्रस रॉडने (मानेतल्या धातूच्या सळीने) काढता येतो, पीळ निघत नाही.
- प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा. एखाद्याच फ्रेटवर सूर मरत असेल तर किंमत उतरवा.
- बाराव्या फ्रेटवर ट्यूनर लावा. मोकळ्या तारेचाच सूर एक सप्तक वर मिळायला हवा.
- व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, ती साफ होते. जॅक हलवल्यावर आवाज जात असेल तर मात्र सोल्डरिंगचा खर्च धरा.
- पट्टा लावून उभं राहा. हेडस्टॉक सारखा खाली झुकत असेल तर तो बेस तुमचा डावा खांदा खाईल.

बेसबरोबर लागतं ते: ट्यूनर, मेट्रोनोम (फोनवरचा चालतो), चांगली केबल एक आणि राखीव एक, रुंद पट्टा, तारांचा जादा संच, ॲलन चाव्या, आणि जाड अस्तराची गिग बॅग. प्रॅक्टिससाठी हेडफोन लागणारा छोटा अँप किंवा ऑडिओ इंटरफेस. मोठा अँप घेऊ नका. तो जॅमपॅडवर (बँडच्या सरावाच्या भाड्याच्या खोलीत) असतोच आणि तुमच्या सोसायटीत तो तुम्हाला कुणी वाजवू देणार नाही.

आपल्याकडचा पावसाळा वेगळा शिकावा लागतो. जूनमध्ये मान हलते, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बदलते, तारा पंधरा दिवसांत गंजतात. वाजवून झालं की कोरड्या कपड्याने तारा पुसा, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. तारा मेल्यासारख्या वाजायला लागल्या आणि पैसे नसले तर काढून दहा मिनिटं पाण्यात उकळा, पूर्ण वाळवा, परत लावा. महिनाभर नाही, पण एक-दोन गिगपुरता (कार्यक्रमांपुरता) खणखणाट परत येतो. लोकलने जाताना सामानाच्या डब्यात चढा आणि बेस दोन पायांमध्ये उभा धरा. पाठीवर घेऊन चढलात तर हेडस्टॉक दाराला लागतो. माझा एक ट्यूनिंग पेग ठाण्याला असाच गेला.

## ३. उजवा हात: इथे घाई केली की पुढचं सगळं कच्चं राहतं

२०० बीपीएमला (मिनिटाला २०० मात्रा) सोळाव्या भागाचे स्वर (एका मात्रेत चार) म्हणजे सेकंदाला तेरा ठोके. ऐकायला भयंकर वाटतं, पण हा वेग ताकदीने येत नाही, तो हात सैल ठेवल्याने येतो.

पिक की बोटं, यावर मुलं महिनोन्‌महिने वाद घालतात. दोन्हीकडे थोर लोक आहेत हे वर आलंच आहे. माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने बोटांनी वाजवा, कारण त्याने दुसऱ्या तारा दाबून गप्प करायची सवय लागते. मग पिक शिका, कारण काही रिफ पिकशिवाय धारदार वाजत नाहीत, आणि रेकॉर्डिंगला तुम्हाला पिकच मागतील. पिक एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्या. पातळ पिक बेसच्या तारेवर नुसतं फडफडतं.

रोजचा रियाज मी असा करायचो:

पहिली दहा मिनिटं एकाच तारेवर, १०० बीपीएम, सोळावे स्वर, फक्त समान आवाज येतोय का एवढंच बघत. दोन बोटांतलं एक नेहमी हलकं पडतं. ते कुठलं, हे ओळखा.

मग गॅलप. एक लांब आणि दोन छोटे, घोड्याच्या टापांसारखे. १२० ला सुरू करा आणि तीन मिनिटं न थांबता चालवा. तीन मिनिटं झाल्यावर कोपराच्या खाली जळजळत असेल तर तुम्ही हात आवळलेला आहे. वेग वाढवू नका. उलट १० बीपीएम खाली या. जळजळ न होता झालं की दुसऱ्या दिवशी फक्त ४ बीपीएम वाढवा. महिन्याला २० बीपीएम वाढले तरी ती उत्तम प्रगती आहे.

मग पिकने नुसते खालचे ठोके, डाऊनपिकिंग. थ्रॅशचा करकरीतपणा यातून येतो. वरखाली वाजवून वेग गाठता येतो, पण ठोक्याचं वजन जातं.

तीन बोटांची गंमत पुढे कधीतरी करून बघा. त्यात सापळा असा की तीन बोटांनी चार-चारचे गट वाजवले की सम दर वेळी वेगळ्या बोटावर येते, आणि कमजोर बोटावर आली की अख्खा रिफ लंगडतो. त्यामुळे प्रत्येक बोटावर सम घेऊन वेगळा सराव करावा लागतो.

आणि थांबणं. हे कुणी शिकवत नाही. थ्रॅशच्या रिफमध्ये जे झटके बसतात ते स्वराने जितके बसतात तितकेच त्यानंतरच्या शांततेने बसतात. गिटारवाल्यांनी हात दाबून आवाज तोडला आणि तुमची ई तार मात्र घुमत राहिली, तर अख्ख्या बँडचा झटका तुमच्यामुळे गेला. डाव्या हाताची रिकामी बोटं तारांवर टेकवून ठेवा, उजव्या हाताचा अंगठा वरच्या तारेवर सरकता ठेवा. रोज स्वतःला फोनवर रेकॉर्ड करा आणि फक्त विराम ऐका.

क्लिफ बर्टनच्या आईने सांगितलं आहे की मेटॅलिकात गेल्यानंतरही तो रोज चार ते सहा तास रियाज करायचा. आपल्याला नोकरी करून तेवढं जमत नाही. मी दीड तास करायचो, पण तो चुकवला नाही.

## ४. आवाज बसवणं

घरी एकट्याने वाजवताना छान वाटणारा आवाज बँडमध्ये हमखास हरवतो. घरी आपण खालचा घुमार वाढवतो, वरचा चकचकीतपणा वाढवतो आणि मधला भाग कापतो. कानाला गोड लागतं. बँडमध्ये मात्र घुमार बास ड्रम खातो, चकचकीतपणा झांजा खातात, आणि मधला भाग तर तुम्हीच काढून टाकलेला असतो.

म्हणून मिड, म्हणजे हा मधला भाग, वाढवा. साधारण ८०० हर्ट्झ ते दीड हजार हर्ट्झ हा भाग थोडा वर काढला की बेसचा खणखणाट गिटारच्या भिंतीतून बाहेर येतो. एकट्याने ऐकलं तर तो आवाज नाकात बोलल्यासारखा वाटेल. वाटू दे. बँडबरोबर ऐकून ठरवा.

डिस्टॉर्शन लावायचं असेल तर सगळ्या आवाजावर लावू नका. खालचा भाग साफ ठेवा, वरच्या भागावर डिस्टॉर्शन द्या आणि दोन्ही मिसळा. बऱ्याच बेस पेडलवर मिसळण्याचा वेगळा नॉब असतो, तो नसलेलं पेडल घेऊ नका. गिटारचं पेडल जसंच्या तसं बेसला लावलं की खालचा सगळा दम निघून जातो आणि मग ड्रमर विचारतो, "बेस बंद केलास का?"

आणि हे गिटारवाल्यांशी भांडण न करता बोला: त्यांच्या अँपवरचा बास नॉब अर्ध्याच्या खाली आणायला सांगा. जॅमपॅडवर एकदा करून दाखवा, मग तेच मान्य करतील, कारण त्यांचे रिफसुद्धा स्वच्छ होतात. आमच्या बँडमध्ये हे समजायला चार वर्षं गेली. त्या चार वर्षांच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये माझा बेस जवळपास नाही, आणि ते अजून लागतं.

## ५. बँड मिळवणं

इथे तुमचं नशीब चांगलं आहे, कारण गिटारवाले शंभर असतात आणि बेसिस्ट पाच. जॅमपॅडच्या नोटीस बोर्डावर, गिगला, वाद्यांच्या दुकानात सांगून ठेवा. गिगला जा आणि सामान उचलायला मदत करा. फ्रँक बेलो अँथ्रॅक्सचा बेसिस्ट होण्याआधी त्यांच्याच बँडचं सामान सांभाळायचा. आधीचा बेसिस्ट डॅन लिल्कर १९८४ मध्ये बाहेर पडला तेव्हा गाणी आधीच पाठ असलेला माणूस समोरच उभा होता. बेलो ड्रमर चार्ली बेनान्टेचा भाचा होता हे खरं, पण नुसत्या नात्याने चाळीस वर्षं टिकत नाहीत.

ऑडिशनला जाताना त्यांची तीन गाणी सांगितली असतील तर पाच बसवून जा. त्यांचं ट्यूनिंग आधी विचारा. वाजवताना ड्रमरकडे बघा. मी पुढे स्वतः ऑडिशन घ्यायला बसलो तेव्हा गिटारवाल्याकडे पाहत वाजवणाऱ्याला कधीच घेतलं नाही.

सापळा: "आपण सगळे भाऊ आहोत, पैशांचं नंतर बघू" असं पहिल्याच दिवशी ऐकलं तर त्याच दिवशी विचारा की जॅमपॅडचं भाडं कसं वाटायचं. उत्तर साधं आणि स्पष्ट आलं तर बँड चांगला आहे.

## ६. पहिला गिग

मुंबईत रॉकची परंपरा जुनी आहे. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि पुढच्या कितीतरी बँडनी तिथे पहिली मोठी गर्दी पाहिली. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र मानलं जायचं, त्या नियमात रंगभवनासारख्या उघड्या जागा अडकल्या. आज तुमचा गिग बहुधा बंद क्लबमध्ये होईल. उघड्यावर असेल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतोच. कार्यक्रम उशिरा सुरू होतो आणि कात्री शेवटच्या बँडवर पडते. म्हणून चाळीस मिनिटांच्या सेटबरोबर वीस मिनिटांचाही सेट ठरवून ठेवा. आम्ही एकदा हे केलं नव्हतं आणि आमचं सर्वांत चांगलं गाणं अर्ध्यात तुटलं.

गिगच्या बॅगेत: स्वतःचा डीआय बॉक्स (बेसचा आवाज थेट मिक्सरला पोचवणारी पेटी), राखीव केबल, राखीव तारा, पेडलचा पॉवर सप्लाय, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एक्स्टेंशन बोर्ड, टेस्टर, टॉर्च, इन्सुलेशन टेप, इअरप्लग, छापलेली सेटलिस्ट.

टेस्टर गमतीसाठी लिहिलेला नाही. बऱ्याच ठिकाणी अर्थिंग नीट नसतं. बेसची तार हातात आणि ओठ माइकला, असा झटका मी खाल्ला आहे. साउंडचेकच्या आधी माइकला टेस्टर लावा. दिवा लागला तर वाजवू नका, साउंडवाल्याला बोलवा. घूं असा आवाज येत असेल तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा, पण प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका.

साउंडवाल्याशी नाव विचारून बोला. "बेस जोरात ठेवा" असं सांगू नका, कारण मग तो घुमार वाढवतो. "मिड थोडा वर घ्या, गिटारच्या मधून ऐकू यायला हवा" असं सांगा.

## ७. रेकॉर्डिंग

तारा आदल्या दिवशी बदला, त्याच दिवशी नको. क्लिकवर (कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमवर) वाजवा. डीआयचा साफ ट्रॅक नेहमी वेगळा ठेवायला सांगा, म्हणजे आवाज नंतर बदलता येतो. आणि मिक्स होताना तिथे हजर राहा. हे एवढं एक ऐका. रविवार मोडला तरी चालेल, पण जा. जो खोलीत नसतो त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) सगळ्यांत आधी खाली जातो.

गिटारचा रिफ जसाच्या तसा वाजवायचा की वेगळं काही? वेगात जुळवून घ्या, पण रिफ सावकाश होतो तिथे मूळ स्वरावर थांबा, किंवा ड्रमच्या पायाबरोबर जा. सगळीकडेच सावलीसारखं चाललात तर सावलीसारखेच दिसेनासे व्हाल.

## ८. पैसे आणि कागद

आपल्याकडे स्वतःची गाणी वाजवणारा थ्रॅश बँड घर चालवत नाही. हे आधीच मान्य करा म्हणजे कडवटपणा येत नाही. स्लेयर बँडचा बेसिस्ट टॉम अराया श्वसनविकारांच्या रुग्णांवर उपचार करणारा थेरपिस्ट म्हणून नोकरी करत होता, आणि १९८३ चा त्यांचा पहिला अल्बम त्याच्या साठवलेल्या पैशांवर आणि गिटारिस्ट केरी किंगच्या वडिलांनी दिलेल्या उसन्यावर उभा राहिला. नोकरी करणं म्हणजे कमी निष्ठा, असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. बेसिस्टला बाहेरची कामंही मिळतात: ऑर्केस्ट्रा, लग्नाचे बँड, स्टुडिओतली बदली, शिकवण्या. ती घ्या. ऑर्केस्ट्रात एका रात्रीत चाळीस गाणी वाजवणाऱ्याचा ताल पक्का होतो.

आता कागद. पैसा कमी असताना कागद करा, जास्त आल्यावर कुणी सही करत नाही. एलेफसनने २००४ मध्ये मेगाडेथचा प्रमुख डेव्ह मस्टेनवर १ कोटी ८५ लाख डॉलरचा दावा लावला होता, नफ्यातल्या वाट्यावरून. २००५ मध्ये तो फेटाळला गेला. १९८३ पासूनची सोबत, आणि ती कोर्टात गेली. २०१० मध्ये तो बँडमध्ये परतला हे वेगळं.

प्रत्येक गाणं पूर्ण झालं त्याच आठवड्यात एक पान लिहा: गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल आणि रिफ कुणाचे, कुणाचा किती टक्के वाटा, तारीख, सगळ्यांच्या सह्या. तुमच्या बेसच्या रिफवर गाणं उभं असेल तर तुम्ही त्याचे संगीतकार आहात, संकोच करू नका. भारतात कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर हे पान कामाला येतं.

रॉयल्टीसाठी आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही संस्था आहे, मुख्यालय मुंबईत, स्थापना १९६९ ची. गीतकार आणि संगीतकार तिचे सभासद होतात. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने त्यांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला आहे. सभासद होताना पॅन, आधार, फोटो, बँकेचा रद्द केलेला चेक आणि प्रकाशित गाण्यांची यादी तयार ठेवा. कॉलेज किंवा कंपनीने कार्यक्रमाचे पैसे देताना टीडीएस कापला तर प्रमाणपत्र मागून घ्या आणि आयकराच्या पोर्टलवर तो जमा झालाय का पाहा. आमच्या एका आयोजकाने कापला होता, भरला नव्हता. ते पैसे गेलेच.

## ९. बाहेर वाजवायला जाताना

हे अशक्य नाही. बंगळुरूचा क्रिप्टॉस २०१३ मध्ये जर्मनीच्या वॅकन या मेटल महोत्सवात वाजवून आला. युरोपसाठी शेंगेन व्हिसा लागतो. तयार ठेवा:

- परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा पासपोर्ट, दोन कोरी पानं
- आयोजकाचं निमंत्रणपत्र, त्यात तारखा, मानधन आणि राहण्याचा खर्च कोण करणार हे स्पष्ट
- किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा
- बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं
- नोकरी असेल तर रजेचं पत्र

जाताना विमानतळावर कस्टमकडून बेसचं निर्यात प्रमाणपत्र घ्या, अनुक्रमांकासह, म्हणजे येताना तो तुम्ही तिकडे विकत घेतला असा प्रश्न उरत नाही. बेसवर शिसवीचा फिंगरबोर्ड असला तरी २०१९ च्या शेवटापासून तयार वाद्यांना परवान्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोजवुडला मात्र नाही, त्यामुळे फार जुना बेस असेल तर लाकूड विचारून घ्या. वाद्य हार्ड केसमध्ये, आणि तारा दोन सूर सैल करून.

## १०. कान, मान, मनगट

८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरले जातात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. जॅमपॅडवर तुम्ही तीन तास बसता. इअरप्लग पहिल्या दिवसापासून घाला. संगीतकारांसाठी मिळतात त्यात आवाज मंद होतो, पण घाणेरडा होत नाही. मी पाचव्या वर्षी सुरू केले. आता रात्री शांत खोलीत माझ्या उजव्या कानात एक बारीक शिट्टी असते आणि ती जाणार नाही.

मानेचं: टॉम अरायाला २०१० मध्ये मानेची शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यानंतर त्याने डोकं हलवणं बंद केलं. न्यूस्टेडने २००१ मध्ये मेटॅलिका सोडताना वाजवता वाजवता शरीराची झालेली हानी हेही कारण सांगितलं होतं. डोकं हलवायचं असेल तर कमरेतून हलवा, आधी मान गरम करा, आणि गिगनंतर दोन दिवस दुखलं तर पुढच्या गिगला उभे राहा आणि नुसते वाजवा. लोकांना चालतं.

बेस गुडघ्यापर्यंत लोंबकळता ठेवला की फोटो छान येतो आणि डावं मनगट मोडतं. पट्टा इतका ठेवा की बसून आणि उभ्याने बेस जवळपास त्याच उंचीवर राहील. मुंग्या येणं, रात्री अंगठा बधिर होणं ही लक्षणं दिसली तर थांबा आणि हाताच्या डॉक्टरकडे जा. मी तीन महिने बामावर काढले आणि त्याचे पुढे आठ महिने गेले.

## ११. दुसऱ्याच्या जागी येताना आणि आपली जागा सोडताना

बेसिस्टची जागा वारंवार बदलते, त्यामुळे कधीतरी तुम्ही कुणाच्या तरी जागी उभे राहालच. बर्टन गेल्यावर महिन्याभरात न्यूस्टेड आला आणि पुढची चौदा वर्षं त्याने सांभाळली. रॉबर्ट त्रुहियो २००३ मध्ये त्याच्या जागी आला, तेव्हा मेटॅलिकाने त्याला दहा लाख डॉलर आगाऊ दिले. ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर मी त्याला ऐकलं. बर्टनच्या जागा तो बर्टनच्या मानाने वाजवत होता आणि स्वतःच्या जागा स्वतःच्या बोटांनी. जुन्या गाण्यांचे बेस आधी जसेच्या तसे शिका, पहिले तीन गिग तसेच वाजवा, आणि मग विचारून बदला.

मी बँडमध्ये आलो तेव्हा आधीचा बेसिस्ट भांडून गेला होता. सतरा गाणी मला खराब लाइव्ह रेकॉर्डिंगवरून, अंदाजाने बसवावी लागली. मनगटामुळे मी सोडलं तेव्हा नव्या मुलाला एक फोल्डर दिला. त्यात प्रत्येक गाण्याचं ट्यूनिंग आणि बीपीएम, क्लिक फाइल, एकट्या बेसचा ट्रॅक, बेस काढून टाकलेला ट्रॅक, कुठे पिक आणि कुठे बोटं याची खूण, पेडलच्या नॉबचे फोटो आणि वाट्यांच्या पानांच्या प्रती आहेत. सतरा गाण्यांसाठी ते करायला मला तीन रविवार लागले. तुम्ही पहिल्या गाण्यापासूनच असा फोल्डर करायला घ्या, मग गाण्यामागे वीस मिनिटंच लागतील.